बीपीमुळं डोळ्याचा पडदा बिघडलाय? मग रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी नीट कशी करून घ्यायची

ज्यांचं बीपी तीन-तीन गोळ्या चालू असूनही खाली यायचं नाव घेत नाही, किंवा चाळिशीच्या आतच बीपी लागलंय आणि वर डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर बदल दिसतायत म्हणून सांगितलंय, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळं कुठली गोळी घ्या आणि कुठली सोडा हे मी सांगणार नाही, ते तुमच्या फिजिशियनचं काम. पण रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ह्या बीपीशी संबंधित हार्मोनच्या तपासणीचं रक्त कसं द्यायचं, आधी काय तयारी करायची, डोळ्यांच्या डॉक्टरांना काय विचारायचं आणि रिपोर्ट हातात आल्यावर कुठं बघायचं, ह्यातलं निम्मं पेशंटला कुणी सांगतच नाही. महागडी तपासणी होते, पैसे जातात, रक्त चुकीच्या वेळी चुकीच्या पद्धतीनं घेतल्यामुळं रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग बीपीच्या मुळाशी असलेला हार्मोनचा आजार पुढं कित्येक वर्षं कुणी शोधतच नाही. तोवर डोळा, किडनी, हृदय सगळं झिजत राहतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी डोळ्याचं बघू. काही न कापता, सुई न टोचता शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा, रेटिना. बीपी जास्त राहिलं की तिथल्या बारीक धमन्या आधी आकसतात, मग त्यांच्या भिंती जाड होत जातात. धमनी आणि शीर जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं ही जाड झालेली धमनी शिरेला दाबते, पाण्याच्या पाइपवर पाय ठेवल्यासारखं, डॉक्टर त्याला एव्ही निपिंग म्हणतात. त्याच्याही पुढं गेलं की पडद्यावर रक्ताचे ठिपके, कॉटन वूल स्पॉट म्हणतात ते पांढरे डाग, पिवळट चरबीचे साठे, आणि सगळ्यात शेवटी डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी सूज. १९३९ साली कीथ, वॅगनर आणि बार्कर ह्या तिघांनी ह्याचे चार ग्रेड पाडले, आजही तुमच्या कागदावर ग्रेड एक, ग्रेड दोन असं जे लिहिलेलं असतं ते तेच. एक-दोन म्हणजे बीपी बरेच दिवस नीट सांभाळलेलं नाही असं समजायचं. तीन किंवा चार असेल तर मात्र पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच दिवशी फिजिशियनकडं जायचं, आणि नसेला सूज असेल तर थेट हॉस्पिटल.

आणि हे सगळं होताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, बऱ्याचदा दिसायला पण काही फरक पडत नाही. आपल्याकडं डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक रक्त दिसलं की सगळं घर घाबरतं, बीपी डोळ्यात उतरलं म्हणतात. तो वरच्या पातळ पापुद्र्याखाली फुटलेला रक्ताचा ठिपका असतो, बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो आणि पडद्याशी त्याचा संबंध नसतो. तेव्हा बीपी जरूर मोजा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण खरं नुकसान आत असतंय आणि ते आरशात दिसत नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं धरू नका. महाद्वार रोडला जाऊन नवीन चष्मा करून आले आणि म्हणतात डोळे चेक केलेत, तर नाही, पडदा कुणी बघितलेलाच नाही. तुम्हाला हवी ती थेंब घालून फंडस तपासणी, म्हणजे पडद्याची तपासणी. खाजगीत कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडं होते, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा विभाग आहे तिथंही होते. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाकडं बघवत नाही. म्हणून जाताना गाडी घेऊन जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या, रिक्षानं नाहीतर केएमटीच्या बसनं जा, गॉगल ठेवा. थेंब घालायच्या आधी तिथल्या सिस्टरना किंवा टेक्निशियनना स्पष्ट सांगा की मला बीपी आहे, आज सकाळी इतकं होतं. कारण बाहुली मोठी करायच्या काही थेंबांत फिनाइलेफ्रिन असतं, त्यानं बीपी वर जाऊ शकतं, विशेषतः जास्त स्ट्राँग थेंब असतील तर, आणि तुम्ही सांगितलंत तर ते फक्त ट्रोपिकामाइडचे थेंब वापरायचं बघतात. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा तुम्हाला त्याचा त्रास होऊन गेला असेल तर तेही सांगा.

तपासणी झाल्यावर "सगळं ठीक आहे ना" एवढं विचारून उठू नका. ग्रेड किती, रक्तस्राव किंवा पांढरे डाग आहेत का, नसेला सूज आहे का, मॅक्युलाला म्हणजे मधल्या नजरेच्या जागेला धक्का बसलाय का, आणि शुगर असेल तर ह्यातलं शुगरचं किती आणि बीपीचं किती, हे विचारा आणि कागदावर लिहून मागा. फंडस फोटो काढला तर त्याची प्रत घ्या, सहा महिन्यांनी तुलना करायला तीच कामाला येते. आणि मग तो कागद फिजिशियनकडं तुम्हीच न्यायचा. डोळ्यांचे डॉक्टर राजारामपुरीत, बीपीचे डॉक्टर शाहूपुरीत, ते दोघं एकमेकांना फोन करतीलच असं नाही, फाइल घेऊन फिरणारे तुम्हीच.

आता हार्मोन कुठनं आलं मध्येच. बीपीच्या बहुतेक पेशंटमध्ये एकच असं कारण सापडत नाही, घराण्यात असतं, वजन, मीठ, वय, सगळं मिळून होतं. पण काहींमध्ये बीपी हे एखाद्या ग्रंथीनं जास्त हार्मोन सोडल्यामुळं वाढलेलं असतं. किडनी रेनिन सोडते, त्यातनं पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतनं बाहेर घालवतं. रक्तदाब वाढला की किडनीनं रेनिन कमी करायचं आणि सगळं शांत व्हायचं, अशी ही व्यवस्था. पण अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ असेल किंवा दोन्ही बाजूच्या ग्रंथी वाढल्या असतील तर अल्डोस्टेरॉन कुणाचं न ऐकता सुटत राहतं, रेनिन तळाला जातं आणि बीपी वरच. जेरोम कॉन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ साली हा आजार मांडला म्हणून त्याला कॉन सिंड्रोम पण म्हणतात, हल्लीचं नाव प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. हा दुर्मिळ आजार आहे असं वर्षानुवर्षं समजलं गेलं, पण बीपीच्या पेशंटमध्ये साधारण शंभरात पाच ते दहा जणांना आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीत साधारण पाचातल्या एकाला हा असतो. आणि बीपीचा आकडा सारखाच असला तरी अल्डोस्टेरॉनवाल्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, हृदय जाड होणं ह्याचं प्रमाण जास्त असतंय, म्हणजे ते हार्मोन स्वतःही रक्तवाहिन्यांना त्रास देतं. म्हणून नुसती गोळी वाढवत बसण्यापेक्षा एकदा मुळात बघणं शहाणपणाचं.

तपासणी कुणी मागायची? तीन गोळ्या, त्यातली एक लघवीची, नियमित घेऊनही बीपी वर असेल. बीपी सारखं १५०/१०० च्या वर राहत असेल. पोटॅशियम ३.५ च्या खाली आलं असेल, मग ते लघवीच्या गोळीमुळं असं कुणी म्हटलं असलं तरी. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये सहज म्हणून अ‍ॅड्रिनलला गाठ दिसली असेल. घरात कुणाला चाळिशीच्या आत पक्षाघात झाला असेल, किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार निघाला असेल. घोरणं जोरात आणि झोपेत श्वास अडकतो अशी बीपीची माणसं पण ह्यात येतात. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्याचं वय कमी आणि पडदा बिघडलेला, त्यानं तर मागावीच. एंडोक्राइन सोसायटी ह्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२५ मध्ये काढलेल्या नव्या गाइडलाइनमध्ये तर बीपी असलेल्या सगळ्यांचीच एकदा ही तपासणी करावी असं सुचवलंय, त्यामुळं डॉक्टरांना विचारताना संकोच करायचं काही कारण नाही.

एक उदाहरण सांगते. गांधीनगरला कापडाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा, पस्तिशीच्या आसपासचा, डोकं दुखतंय आणि मोबाइल धूसर दिसतोय म्हणून चष्मा करायला गेला. नंबर लावून बघितले, फरक पडेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी थेंब घालून बघितलं तर दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके, बीपी मोजलं तर २१० आणि १२०. आमच्याकडं रक्त द्यायला आला तेव्हा म्हणाला, रात्री पोटऱ्या आवळून येतात, लघवीला तीनदा उठतो, मला वाटलं दुकानात दिवसभर उभं राहून होतंय. पोटॅशियम २.९ आलं. पायात गोळे आणि रात्रीची लघवी, ही दोन लक्षणं त्यानं कुणाला सांगितलीच नव्हती कारण बीपीशी त्यांचा संबंध असेल असं कुणाच्याही डोक्यात येत नाही. पण उलटं पण लक्षात ठेवा, अल्डोस्टेरॉन वाढलेल्या बऱ्याच जणांचं पोटॅशियम अगदी नॉर्मल असतं, त्यामुळं पोटॅशियम ठीक आहे म्हणजे हा आजार नाही असं होत नाही.

आता मुख्य गोष्ट, रक्त कसं द्यायचं.

सगळ्यात आधी गोळ्या. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड ह्या गोळ्यांनी रिपोर्ट पार बिघडतो, शक्य असेल तर डॉक्टर त्या चार आठवडे बंद ठेवायला सांगतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वाढवतात, म्हणजे आजार असूनही रिपोर्ट साधा दिसू शकतो. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल असल्या गोळ्या रेनिन कमी करतात, म्हणजे आजार नसतानाही असल्यासारखं दिसू शकतं, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचं पण तसंच. ज्यांच्या बीपीत गोळ्या बदलून बघता येतात त्यांना डॉक्टर काही दिवस प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा व्हेरापामिलवर ठेवतात, त्यांचा परिणाम फार होत नाही. पण हे वाचून कुणी आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही. ज्याचा पडदा आधीच बिघडलाय त्याचं बीपी आठवडाभर मोकाट सोडणं म्हणजे नजर पणाला लावणं आहे. बऱ्याचदा डॉक्टर गोळ्या तशाच ठेवून पहिली तपासणी करतात आणि रिपोर्ट वाचताना गोळ्यांचा हिशोब धरतात, तेही चालतं. तुमचं काम एवढंच की लॅबच्या फॉर्मवर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहायची, बायकांनी पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या पण लिहायच्या.

दुसरं, जेष्ठमध. घसा बसला की काढ्यात जेष्ठमध, चूर्णात जेष्ठमध, नुसती कांडी चघळणारे पण आहेत. त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळं शरीरात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखाच परिणाम होतो, बीपी वर जातं, पोटॅशियम खाली येतं, आणि रक्तात बघावं तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी. काढा नैसर्गिक आहे म्हणून कुणी सांगत नाही, तर सांगा. तपासणीच्या आधी काही आठवडे बंद ठेवा, आणि बीपीवाल्यांनी तर नेमानं घेऊच नये.

तिसरं, मीठ. तपासणी आहे म्हणून आधीचे चार दिवस अळणी खाऊ नका, मीठ एकदम तोडलं की रेनिन वाढतं आणि खरं चित्र लपतं. नेहमीचं जेवण ठेवा. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढावं लागतं, कारण कमी पोटॅशियममध्ये अल्डोस्टेरॉन दबतं.

चौथं, वेळ. इथं रोजचा घोळ. फोन येतो, "ताई, उद्या सकाळी सहाला घरी या, उपाशी पोटी थांबतो." मी म्हणते, काका ही शुगरची तपासणी नाही, उपाशी राहायची गरज नाही आणि अंथरुणातनं उठल्या उठल्या तर अजिबात नको. उठून किमान दोन तास झालेले पाहिजेत, त्या दोन तासांत बसणं, उभं राहणं, चालणं असं नेहमीसारखं वावरायचं. सहाला उठा, रंकाळ्यावर निवांत एक फेरी मारा, नाश्ता करा, नऊ-दहाच्या सुमाराला लॅबमध्ये या. तालमीत जाऊन जोर-बैठका मारून मात्र येऊ नका. आल्यावर पाच ते पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसायचं, मग रक्त. आडवं पडून दिलेल्या आणि चालून-फिरून दिलेल्या रक्तात आकडे वेगळे येतात, आणि रिपोर्टवरच्या नॉर्मलच्या हद्दी कुठल्या स्थितीसाठी छापल्यात ते पण बघावं लागतं.

सुई टोचताना मूठ उघडझाप करत बसू नका, दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं. रेनिनचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतात. आणि आता हे नीट वाचा, रेनिनची ट्यूब बर्फात ठेवायची नसते. गार झाल्यावर रक्तातलं निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय रेनिन बनायला लागतं, आकडा खोटा वाढतो आणि आजार निसटतो. ट्यूब नेहमीच्या तापमानाला ठेवून, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग वेगळा करून मगच तो फ्रीज करतात आणि पुढं मोठ्या लॅबला पाठवतात. घरी रक्त घ्यायला आलेल्यानं सगळ्या ट्यूब एकत्र बर्फाच्या डब्यात टाकल्या तर तुम्ही विचारा, रेनिनची पण त्यातच का? म्हणून माझा सल्ला, ही एक तपासणी घरी देऊ नका, लॅबमध्ये जाऊन द्या. आणि पैसे भरायच्या आधी विचारा, रेनिनमध्ये तुम्ही अ‍ॅक्टिव्हिटी (रेनिन किती काम करतंय) मोजता का डायरेक्ट रेनिन (ते थेट किती आहे), आणि अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर रिपोर्टवर लिहून देता का. ज्या काउंटरवर ह्याचं उत्तर देता येत नाही तिथं निदान फोन करून विचारून सांगा म्हणायचं.

रिपोर्ट आला की अल्डोस्टेरॉनला रेनिननं भागून एक गुणोत्तर काढतात, एआरआर. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास अशी असेल तर गुणोत्तर २० ते ३० च्या वर आणि शिवाय अल्डोस्टेरॉन स्वतः १० ते १५ च्या वर, असं असलं की संशय धरतात. नुसत्या भागाकारावर जाऊ नका. अल्डोस्टेरॉन ४ आणि रेनिन ०.१ असेल तर भागाकार ४० येतो, पण अल्डोस्टेरॉनच कमी आहे, त्याचा अर्थ कॉन असा लगेच होत नाही. डायरेक्ट रेनिन मोजलेलं असेल तर एकक वेगळं, हद्दी पूर्ण वेगळ्या, तिथं हा ३० चा आकडा लावायचा नाही, शेजारच्या काकूंच्या रिपोर्टशी तुलना करून घाबरायचं नाही. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही जास्त असेल तर किडनीची धमनी अरुंद झालीय का हे डॉक्टर डॉपलर सोनोग्राफी करून बघतात, लघवीच्या गोळीमुळं पण असं होतं. आणि रिपोर्ट टेल्मिसार्टन चालू असताना काढलाय आणि तरीही रेनिन तळाला असेल तर संशय अजून पक्का, कारण त्या गोळीनं रेनिन वर जायला हवं होतं.

बाकीची हार्मोन थोडक्यात. डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड असे झटके एकत्र येत असतील, झटक्यात बीपी चढत असेल, तर मेटानेफ्रिन बघतात, फिओक्रोमोसायटोमा नावाच्या गाठीसाठी. ह्याची पद्धत बरोबर उलटी, वीस-तीस मिनिटं आडवं पडून रक्त द्यायचं आणि ही ट्यूब बर्फात ठेवायची, आधी चहा-कॉफी-तंबाखू नाही, पॅरासिटामॉल आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या पण आड येतात. म्हणजे रेनिन आणि मेटानेफ्रिन एकाच सुईत, एकाच वेळी उरकून टाका असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. चोवीस तासांची लघवी साठवून पण हे बघता येतं.

कॉर्टिसोलसाठी नुसतं सकाळचं रक्त देऊन कुशिंग आजार, म्हणजे कॉर्टिसोल जास्त होणं, कळत नाही. रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला रक्त देतात, कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबलं तर ठीक. चेहरा गोल, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, पोटावर जांभळट रेघा, असं असेल तर ही तपासणी. आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते, गुडघेदुखी-कंबरदुखीच्या बिननावाच्या पुड्या खाऊ नका. त्यात स्टिरॉइड असलं तर बीपी, शुगर दोन्ही वाढतात, आणि स्टिरॉइडनं डोळ्यात मोतीबिंदू, काचबिंदू आणि पडद्याखाली पाणी साचणं हे सगळं होऊ शकतं. पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद पण करू नका. थायरॉइडचं टीएसएच सोपं, पण केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

ह्या सगळ्याबरोबर घरचं बीपी लिहिलेलं पाहिजे. दंडाचं मशीन, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, लघवी करून यायचं, आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. घरी १३५ आणि ८५ च्या वर म्हणजे जास्तच. मिश्री लावणाऱ्या बायका म्हणतात आम्ही तंबाखू खात नाही, पण ती तंबाखूच आहे.

मिठाचं मी वर सांगितलं ते तपासणीपुरतं, एकदा रक्त दिलं की मीठ खरंच कमी करा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, सगळं धरून. तांबडा-पांढरा रस्सा महिन्यातनं एकदा खाल्ला तर आभाळ कोसळत नाही, पण रोजची भडंग, फरसाण, लोणचं, पापड, ठेच्यात घातलेलं मीठ आणि मिसळीवर तीनदा मागितलेला कट ह्यातनं मीठ जातं. अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या माणसाला जास्त मीठ इतरांपेक्षा जास्त बाधतं. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

तपासणीत संशय आला तर पुढं एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. सलाइन लावून खात्रीची तपासणी, मग अ‍ॅड्रिनलचा सीटी, आणि ऑपरेशनचा विचार असेल तर दोन्ही बाजूच्या अ‍ॅड्रिनल शिरांतनं रक्त घेऊन कुठली बाजू जास्त सोडतेय ते बघतात. ही शेवटची तपासणी मोजक्याच मोठ्या सेंटरमध्ये होते, बाहेरगावी जावं लागेल त्याची तयारी ठेवा. एकाच बाजूचं असेल तर दुर्बिणीतनं ती ग्रंथी काढतात, बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. दोन्ही बाजूचं असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. स्पायरोनोलॅक्टोननं पुरुषांना छातीत दुखरी सूज येऊ शकते, लाजून गप्प बसू नका, गोळी बदलता येते. सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) एक-दोन आठवड्यांनी आणि मग महिन्यानं बघायचं, ही तपासणी स्वस्त आहे, चुकवू नका.

डोळा किती परत येतो? नसेची सूज, रक्ताचे ठिपके, पांढरे डाग हे बीपी ताब्यात आल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत विरतात, पिवळे साठे सावकाश जातात. आकसलेल्या, जाड झालेल्या धमन्या पूर्वीसारख्या होत नाहीत. मॅक्युलाला किंवा नसेला बराच काळ धक्का राहिला असेल तर नजर पूर्ण येईलच असं नाही, म्हणूनच घाई. तीन-चार ग्रेड असेल तर डोळ्यांचे डॉक्टर सांगतील तसं काही आठवड्यांतच परत दाखवायचं, साधं असेल तर वर्षातनं एकदा थेंब घालून.

आणि बीपी १८० आणि १२० च्या वर असून नजर धूसर, प्रचंड डोकेदुखी, उलटी, बोलणं अडखळणं, दम लागणं ह्यातलं काही असेल तर सरळ कॅज्युअल्टी. घरात कुणी तरी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायला सांगतं, ते करू नका. बीपी एकदम कोसळलं की आधीच अडचणीत असलेल्या डोळ्याच्या नसेचा आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हॉस्पिटलमध्ये सुद्धा पहिल्या तासात चतुर्थांशाहून जास्त उतरवत नाहीत. एका डोळ्यानं न दुखता अचानक दिसेनासं झालं तरी त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही. गरोदर बाईला डोळ्यापुढं चमकायला किंवा धूसर दिसायला लागलं तर तर तासाभराचाही उशीर नको, आणि मूल हवं असेल त्यांनी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ह्या गोळ्या चालू आहेत हे आधीच डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायचं.

घरात एकाला अल्डोस्टेरॉनचा आजार पक्का निघाला की सख्ख्या भावा-बहिणींची आणि मोठ्या झालेल्या पोरांची बीपी मोजा, ज्यांचं जास्त येईल त्यांचं पोटॅशियम आणि एआरआर करून घ्या, आणि त्यांना पण थेंब घालून पडदा बघायला पाठवा.